पाचटाचे दोन दावेदार

ऊसतोड झाली की शेतात हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट उरतं. खोडव्याला पाणी द्यायची घाई असते. शेतकरी काडी ओढतो आणि मोकळा होतो. त्या पाचटातून इंधन काढायची खटपट आपल्याकडे चार दशकांची आहे.

सुरुवात फलटणची. बी. व्ही. निंबकर यांनी 1968 मध्ये काढलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी 1981 मध्ये अमेरिकेतून आले. कमी पाण्याच्या मुलखात इंधनासाठी गोड ज्वारी लावा, हा राजवंशींचा आग्रह मला उसापेक्षा शहाणा वाटतो: दाणे माणसाला, रसाचं अल्कोहोल, चोथा गुरांना. पण गोड ज्वारीला उसासारखा हक्काचा कारखाना कुठे होता? पुढे 90च्या दशकात संस्थेत उसाची पानं आणि चिपाडं यांपासून जळाऊ वायू करणारा गॅसिफायरही झाला.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये 'आरती' (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) स्थापली. त्यांची भट्टी साधी होती. बंद पिंपांत पाचट भरायचं, खाली थोडं पेटवायचं. पिंपांतून निघणारा वायूच मग पुढची आच पुरवतो. मागे उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ किंवा शेण मिसळून कांड्या पाडायच्या. 2002 मध्ये या कामाला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. 2006 मध्ये तो पुन्हा मिळाला, खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी.

पुरस्कार मिळाले, तरी फडातला धूर काही थांबला नाही. पाचट हलकं आणि पसरट. गोळा करायची मजुरीच अंगावर येते. म्हणून भट्टी शेतावर नेणं हा खरा शहाणपणा होता. पण ऊसतोडीच्या हंगामात भट्टीपाशी थांबायला रिकामा माणूस कुठून आणायचा?

पाचटाचा पहिला दावेदार इंधन, तर दुसरा माती. कृषी विभाग आणि विद्यापीठं सांगतात, पाचट जाळू नका, सरीत आच्छादन म्हणून ठेवा: ओल टिकते, तण दबतं, सेंद्रिय कर्ब वाढतो. कर्वे यांचं म्हणणं निराळं. मातीतल्या जिवाणूंना पोषक अन्न लागतं. त्यांना थोडी साखर किंवा हिरवा पाला पुरतो, टनावारी खत नको. हे मान्य केलं, तर पाचट भट्टीसाठी मोकळं होतं. मात्र बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात ओल टिकवायचं आच्छादनाचं काम साखर करू शकत नाही. तिथे मी पाचट शेतातच ठेवीन आणि भट्टीत तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या घालीन.