चाळिशीच्या आत पेन्शन

सैन्यातला शिपाई पेन्शनीत निघतो तेव्हा त्याच्या डोक्यावर एकही पांढरा केस नसू शकतो. सतराव्या-अठराव्या वर्षी भरती, पंधरा वर्षं सेवा झाली की पेन्शनचा हक्क, आणि पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान कधीतरी घर. नायक, हवालदार जरा उशिरा, सुभेदार आणखी उशिरा. पण त्याच्याच वर्गात शिकलेला तलाठी अठ्ठावन्नपर्यंत खुर्चीवर असतो. सियाचीनच्या उंचीवर ओझं घेऊन चढायला पंचविशीतली फुप्फुसं लागतात, म्हणून सेनेला सतत तरुण राहावं लागतं. दीडदोनशे वर्षं जुन्या पलटणी आहेत आपल्याकडे, आणि त्यांतल्या जवानांचं सरासरी वय काही वाढत नाही! ही करामत जमते ती दरवर्षी सुमारे ६० हजार धडधाकट माणसं घरी पाठवून. पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांचं काय करायचं, हा प्रश्न छावणीच्या फाटकाबाहेर येतो आणि तिथून तो गावाचा होतो.

वर्धा जिल्ह्यात तो गाडीनं येतो. वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशनवर काळी ट्रंक उतरते आणि तिथून आर्वी, देवळी, हिंगणघाटकडच्या एखाद्या गावात मिरवणूक निघते. अलीकडे ही रीतच पडली आहे: फुलांनी सजवलेली उघडी जीप, चौकात बॅनर, डीजेवर देशभक्तीची गाणी, दारात औक्षण. चांगली रीत आहे, टिकावी. पूर्वी माणूस ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी.तून उतरायचा आणि आठवड्यानंतर लोक विचारायचे, ‘यावेळी सुट्टी लंबी हाय का भाऊ?’

गंमत सुरू होते ती दुसऱ्या दिवशी. नोकरीत असताना त्याला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा. म्हणजे उरलेले नऊ महिने घर त्याच्याविना चालत आलेलं असतं. बँक, शाळेची फी, बियाण्यांची उधारी, वावरातल्या मजुरांची हजेरी, सासऱ्यांचं औषधपाणी, सगळं बायकोच्या हातात. आता हा कायमचा घरी, पहाटे साडेचारला उठून बसलेला, आणि कपाटातली प्रत्येक वस्तू ‘जागेवर’ हवी असलेला. मुलांना बाप हा पाहुण्यासारखा येणारा आणि खाऊ आणणारा माणूस म्हणून ठाऊक. तो रोज अभ्यास घेऊ लागला की त्यांनाही प्रश्न पडतो. घरात नवा सुभेदार आला आहे आणि जुना सुभेदार स्वयंपाकघरात उभा आहे, असा हा प्रसंग. यावर कुठली योजना नाही, शासननिर्णय नाही. बहुतेक घरं तो वर्ष-दोन वर्षांत निभावून नेतात, हेच मला मिरवणुकीपेक्षा मोठं वाटतं.

बाहेर त्याच्याकडे पाहायची तऱ्हा वेगळी. शेवटच्या पगाराच्या निम्मं पेन्शन, त्यातलाही निम्म्यापर्यंतचा भाग आगाऊ विकून घेतलेली एकरकमी रक्कम, ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसे: जिथं कापूस-सोयाबीनचा कास्तकार भावाकडे डोळे लावून बसतो, तिथं इतकी रोकड एकदम येणं ही बातमीच. प्लॉटवाले येतात, विमेवाले येतात, विसरलेले मावसभाऊ येतात. आणि पैसा नको असलेले सज्जन हळूच विचारतात, ‘भाऊ, कँटीनचं काई भेटते काय?’

सैनिक घरी परतणं ही आपल्याकडे मुळात घटनाच नव्हती. मराठ्यांच्या फौजेत दसऱ्याला सीमोल्लंघन करून माणूस मुलुखगिरीवर निघे आणि पावसाळ्याआधी परते, कारण घोडदळातल्या पुष्कळांना पेरणी गाठायची असे. एका वर्षात तो दोन्ही असे, लढवय्या आणि कुणबी. कायमचा ‘माजी’ झालेला सैनिक ही पगारी, बारमाही पलटणींची निर्मिती, आणि त्या पलटणी इथं इंग्रजांनी रुजवल्या. पेन्शनर हा माणसांचा नवा वर्गच त्यांच्यामुळं तयार झाला.

तो वर्ग गावानं कसा स्वीकारला, याची सगळ्यात बोचरी कथा महार पेन्शनरांची आहे. पलटणीत यांना लिहायला-वाचायला शिकवलं गेलं होतं; लष्करी शाळांत मुलांसोबत मुलीही शिकत. गोपाळबाबा वलंगकर १८८६ला सैन्यातून निवृत्त होऊन कोकणात परतले आणि दोन वर्षांत त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे अस्पृश्यतेवर सवाल टाकणारं पुस्तक काढलं. १८९५ला सरकारनं त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तर त्यांच्यासोबत बसायला वरच्या जातीतल्या सभासदांनी विरोध केला. बंदूक चालवलेला हात चालत होता, बैठकीतला शेजार चालत नव्हता. १९०१ची मसूर स्टेशनची गोष्ट प्रसिद्ध आहे: सुभेदार रामजी सकपाळांची मुलं वडिलांना भेटायला निघाली होती, चांगल्या कपड्यांत, पैसे बाळगून. जात कळताच स्टेशनमास्तर मागं सरला आणि गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. त्या मुलांतले एक भीमराव. त्याच सुमारास इंग्रजांनी महारांची भरतीही बंद केली होती. ती टिकाऊपणे सुरू व्हायला १९४१ उजाडलं. महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला उभी राहिली आणि दुसरी आपल्या विदर्भात, कामठीला.

वर्ध्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्याची नाळ पहिल्या महायुद्धापर्यंत जाते. हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली होती, आणि ती परतू लागल्यावर १९१९च्या आसपास इंडियन सोल्जर्स बोर्ड झालं. पुढं त्याच्या जिल्हावार शाखा झाल्या. आजही जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, म्हणजे सात-बाराचा वाद आणि शिपायाच्या विधवेचं पेन्शन एकाच टेबलावर येऊ शकतं. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते, कारण माजी सैनिकाचं भांडण बहुतेक वेळा शत्रूशी नसून बांधाला लागून वावर असलेल्या भावाशी असतं.

नोकरीचं मात्र वेगळं. राज्य सरकारच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. २०२०मध्ये ग्रामपंचायत हद्दीतल्या त्यांच्या घराची घरपट्टीही माफ झाली. कागदावर हे भरघोस आहे. प्रत्यक्षात बँकेच्या दारातला, एटीएमपाशी खुर्ची टाकून बसलेला, कारखान्याच्या फाटकावर नोंदवही सांभाळणारा माणूस पाहा. त्यानं रेडिओ संच चालवलेले असतात, चाळीस माणसांचा लंगर आणि हिशेब ठेवलेला असतो, बर्फात ट्रक हाकलेले असतात. समाजाला त्यातलं एकच कळतं: गणवेशातली छाती. सलाम करून झाल्यावर आपण त्याला दार उघडायला उभं करतो.

त्याच फाटकाचा एक प्रकार पुलगावला आहे, आणि तिथं गोष्ट पालटते. पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी. १९४०च्या १७ ऑक्टोबरला याच जिल्ह्यात, पवनारला, विनोबांनी ‘युद्धाला मदत करू नका’ म्हणत वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण केलं होतं. तिथून थोड्याच अंतरावर देशाचा दारूगोळा साठवलेला आहे. त्याच्या पहाऱ्यात डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान असतात. हे दल १९४७च्या फेब्रुवारीत उभं राहिलं आणि त्यात भरती होते ती मुख्यत्वे निवृत्त सैनिकांची! घरी येऊन, पेन्शन लावून, पुन्हा गणवेश चढवलेले हे लोक. २०१६च्या ३०-३१ मेच्या रात्री या भांडारात आग लागली, स्फोट झाले, आगरगावसारख्या लगतच्या गावांतून लोक अंधारातच हलवले गेले. दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून जास्त जणांनी जीव गमावला, बरेच आग विझवायला धावलेले. सीमा सोडून आलेल्या माणसाला आपल्याच जिल्ह्यातलं कामही इतकं जोखमीचं असू शकतं, हे बॅनर छापणाऱ्याला माहीत नसतं.

आता या सगळ्या व्यवस्थेखालचा हिशेबच बदलतो आहे. १४ जून २०२२ला अग्निपथ योजना जाहीर झाली: चार वर्षांची सेवा, पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. भूदलातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ला सुरू झालं, म्हणजे २०२६ संपता संपता मुलं गावोगाव परततील, बावीस ते सत्तावीस वर्षांची. अमेरिकेनं १९४४ला अशा तरुणांसाठी जी.आय. बिल केलं आणि वीस लाखांहून जास्त जण त्यावर कॉलेजात गेले. आपल्याकडे निमलष्करी दलांत राखीव जागा ठेवल्या गेल्या आहेत. सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाची नोंदणी करताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश मागतात. अग्निवीराकडे पीपीओ नसेल आणि नियमाप्रमाणे तो माजी सैनिकही ठरणार नाही. गावातली पोरं मात्र त्याच्यासाठीही जीप सजवणार.