गुराख्याला उत्तर दिलं ढगांनी

मृगाच्या दिवसांत बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना ढगांचा आवाज नीट ऐका. वीज जवळ पडली तर कानठळ्या बसवणारं ‘कडाड्!’ आणि तीच दूर मोताळ्यापलीकडे चमकली तर नुसतं ‘गुडूम्‌गुडूम्’. असं का?

विजेच्या आवाजात बारीक आणि जाड, दोन्ही आवाज मिसळलेले असतात. बारीक आवाज हवा वाटेतच जास्त शोषून घेते. लांबवर टिकतो तो जाड. शिवाय विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असू शकते. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणून जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागाहून. म्हणून गडगडाट रेंगाळतो.

आता हाच गडगडाट वाद्यांतून काढायचा तर?

हेक्टर बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने तो काढला. वडील डॉक्टर, त्यांनी मुलालाही डॉक्टरकी शिकायला पॅरिसला धाडलं. याने ती सोडली आणि संगीत धरलं! 5 डिसेंबर 1830 रोजी, वयाच्या 26व्या वर्षी, त्याची ‘सिंफनी फँटास्टिक’ पॅरिसमध्ये वाजली. ही सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, एक गोष्ट सांगते. गायक नाही, शब्द नाहीत, सगळं वाद्यवृंदानेच सांगायचं. एक तरुण कलाकार एका मुलीच्या प्रेमात पडतो. त्या मुलीची धून सिंफनीच्या पाचही भागांत रूप बदलून येते.

मला सगळ्यात आवडतो तिसरा भाग, रानातला. सनईसारखीच दुहेरी पत्तीची दोन वाद्यं म्हणजे दोन गुराखी. एक रंगमंचावरून साद घालतो, दुसरा पडद्याआडून ओ देतो. शेवटी पहिला पुन्हा साद घालतो, पण दुसरा गप्प! उत्तर येतं लांबच्या ढगांकडून.

हे ढग म्हणजे टिंपनी, तांब्याचे मोठाले नगारे. वाजवणारे चौघे, प्रत्येकाचा स्वर वेगळा. एकाचा आवाज चढतो तोवर दुसऱ्याचा विरत जातो. काठ्यांना बर्लिओझने स्पंज लावायला सांगितलं. का, ओळखलंत? मऊ स्पंजाने बारीक आवाज दबतो, जाड तेवढा उरतो. दूरच्या गडगडाटाचं हवा जे करते, अगदी तेच!

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाकडून ही सिंफनी वाजवून घेतली आहे, तिचं ध्वनिमुद्रण मिळतं. तिसऱ्या भागाचा शेवट जरूर ऐका, पण मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर नको. त्याला जाड आवाज झेपत नाही, ढग गायबच होतील! हेडफोन लावा.