सिंधुदुर्गाचा किनारा : मालवणची रचना व तेथील वाड्यांचीं नांवें

मालवणचें नांव काढिलें कीं सिंधुदुर्ग डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि सिंधुदुर्ग म्हटला कीं चहूंकडे पाणी व मध्यें तट एवढेंच चित्र मनांत उमटतें. प्रस्तुत लेखकानें कोल्हापुरांत इतिहास शिकवितांना अनेक वर्षें हाच नकाशा फळ्यावर काढिला; त्यांत किनारा कधीं दाखविला नाहीं. ही चूक होती, हें पुढें मालवणच्या वाड्यांतून हिंडतांना ध्यानांत आलें. जलदुर्ग म्हणजे आरमार नव्हे. जहाजें बांधावयास व डागडुजीस जागा लागते, पावसाळ्यांत तीं ठेवावयास निवाऱ्याची खाडी लागते. खलाशांस घरें, बाजार व देव लागतात. हें सारें किनाऱ्यावर असतें. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट आणि मालवणच्या वाड्या मिळून एकच आरमारी नगर होतें, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

१. स्थलवर्णन

मालवणचा उपसागर खडकांच्या रांगांनीं जवळजवळ बंद झालेला आहे. ओहोटीस उघडे पडणारे व भरतीस बुडणारे हे खडक अनोळखी जहाजाचे शत्रु व ओळखीच्या तांडेलाचे मित्र होत. या उपसागरांत पूर्वीं तीन बेटें होतीं. त्यांपैकीं एक कुरटें बेट. १६६४ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं त्यावर किल्ल्याचें काम आरंभिलें व १६६७ त तें पुरें झालें. आंतील क्षेत्र सुमारें ४८ एकर, तट सुमारें दोन मैल, आणि दरवाजा समुद्राकडे नसून गांवाकडे, बुरुजांच्या वळणांत लपविलेला. दरवाज्याची ही दिशाच किल्ल्याचें किनाऱ्याशीं असलेलें नातें सांगते.

दुसरें बेट पद्मगडाचें. तें लहान असून किल्ला व किनारा यांच्यामध्यें आहे. ओहोटीच्या वेळीं वाळूच्या पट्ट्यावरून तेथें चालत जातां येतें. तिसरें बेट आज बेट म्हणून दिसतच नाहीं. एकोणिसाव्या शतकांत सरकारी गॅझेटियर लिहिलें गेलें तेव्हांच तें मुख्य भूमीस मिळून गेलेलें होतें; परंतु जुनें मालवण माडांच्या दाटींत वसलें तें याच आंतल्या बेटावर. राजकोट त्याच्याच उंचवट्यावर असून त्याच्या तीन बाजूंस समुद्र आहे. राजकोटाला लागून असलेल्या वस्तीस आजहि मेढा म्हणतात. पुढें गांव वाढला, बेटाची सीमा ओलांडून पूर्वेस पसरला, आणि मधली सखल जमीन घरांखालीं झांकली गेली.

२. नांवांचा विचार

मालवण या नांवाच्या दोन व्युत्पत्ति सांगतात. एक ‘माडवन’, म्हणजे माडांचें वन, दुसरी ‘महालवण’. पहिली कानास गोड लागते, आणि ‘ड’चा ‘ल’ होणें भाषेंत अशक्य नाहीं. पण माडांचें वन दक्षिण कोंकणांतील कोणत्या बंदरास नाहीं? ज्या लक्षणानें एक गांव दुसऱ्यापासून ओळखतां येत नाहीं, त्या लक्षणावरून नांव पडणें कठीण. ‘महालवण’ या समासास व्याकरणाची हरकत नाहीं. लवण म्हणजे मीठ; तेव्हां महालवण म्हणजे खाऱ्या पाण्याची मोठी जागा, खाजण. शिवाय मराठींत ‘लवण’ हा शब्द सखल, वांकलेल्या जमिनीसहि लावितात. यांपैकीं कोणताहि अर्थ घेतला तरी बोट एकाच जागेकडे जातें : आंतलें बेट व मुख्य भूमि यांमधील खारवट पट्ट्याकडे. म्हणून आम्हांस दुसरी व्युत्पत्ति अधिक ग्राह्य वाटते. बेट नाहींसें झालें, पण नांवानें त्याची आठवण राखिली.

मेढा या नांवाचाहि असाच विचार करतां येईल. मेढ म्हणजे जमिनींत रोंवलेला खांब. संस्कृतांत खळ्यांतील खांबास मेथि म्हणतात. जुन्या कागदांत लांकडी खांबांच्या कुंपणास मेढेकोट म्हटलेलें आढळतें. राजकोटाशेजारील वस्तीस हें नांव असणें अर्थपूर्ण आहे, असें आमचें मत आहे.

दांडी हें नांव तर नकाशाच आहे. समुद्रांत शिरलेल्या वाळूच्या किंवा जमिनीच्या पट्ट्यास दांडा म्हणतात. रेवदंडा व दंडा-राजपुरी हीं नांवें वाचकांच्या परिचयाचीं आहेत. मालवणच्या दांडीवरूनच पद्मगडाची वाट निघते. याच बाजूच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. त्यावर गणपति, चंद्र, सूर्य कोरलेले असून किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तेथें झाली अशी परंपरा आहे. बेटावरील किल्ल्याची पूजा किनाऱ्यावरील खडकावर व्हावी, ही गोष्ट आमच्या मुद्द्यास पोषक आहे.

किनाऱ्यापासून आंत जावें तसतशीं नांवें बदलतात. भरड म्हणजे खडकाळ, भाताच्या उपयोगी न पडणारी उंच जमीन. रेवतळें या नांवांत रेव म्हणजे जाडी वाळू दिसते. देऊळवाडा ग्रामदैवतांचा. दिवाळीच्या पाडव्यास रामेश्वर व नारायण यांची पालखी तेथून निघते व किनाऱ्याकडून बाजारपेठेंत येते. धुरीवाडा धुरी या आडनांवाचा, गवंडीवाडा एका धंद्याचा, सोमवार पेठ व्यापाराची. गवंडीवाडा हें नांव ऐकून किल्ल्याच्या गवंड्यांची कल्पना मनांत येते. परंतु कागदाच्या आधारावांचून तसें म्हणणें उतावळेपणाचें होईल. एवढें मात्र निश्चित कीं किनाऱ्याजवळचीं नांवें पाण्याच्या आकाराचीं आहेत, आंतलीं जमिनीच्या पोताचीं व माणसांच्या उद्योगाचीं आहेत. दर्यावर्दी गाबीत समाजाची वस्ती आजहि किनाऱ्यालगत आहे, हा योगायोग नव्हे.

३. चार कोट, एक बंदर

आतां प्रत्येक कोटाचें काम पाहूं. सिंधुदुर्ग समुद्रावरील शत्रूस अडवी. पद्मगड किल्ला व किनारा यांच्या मधल्या पाण्यावर नजर ठेवी. जहाजांच्या कामाची जागाहि तेथेंच होती असें सांगतात. राजकोट बंदरांत उतरण्याची जागा राखी. सर्जेकोट मात्र उत्तरेस, खाडीच्या मुखाशीं आहे. त्याचें प्रयोजन पावसाळ्यांत कळतें. नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे उघड्या समुद्रांतील तटाखालीं गलबत टिकत नाहीं. त्यास खाडींतच शिरावें लागतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आरमारास राज्याचें स्वतंत्र अंग मानिलें असून पावसाळ्यापूर्वीं त्याची छावणी सुरक्षित बंदरांत करण्याविषयीं सांगितलें आहे. तो उपदेश हातांत घेऊन मालवणचा किनारा पाहावा, म्हणजे सर्जेकोट तेथें कां आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं.

४. करवीरचा संबंध

कोल्हापूरच्या वाचकांस हा विषय परका नाहीं. १७३१ च्या वारणेच्या तहानें साळशीच्या दक्षिणेकडील कोंकण करवीरकडे आलें, आणि मालवण हें करवीर राज्याचें आरमारी ठाणें राहिलें. १७६५ त मेजर गॉर्डन व कॅप्टन जॉन वॉट्सन यांनीं इंग्रजांतर्फें सिंधुदुर्ग घेतला व त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. परंतु किल्ला ठेवण्यांत लाभ नाहीं व पाडणेंहि अवघड, असें पाहून त्यांनीं तो परत केला. जिजाबाई राणीसाहेबांच्या कारकीर्दींत ठरलेली त्याची रक्कम ३,८२,८९६ रुपये होती. पुढें १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानें मालवण कायमचें गेलें. त्या तहांत नुसता सिंधुदुर्ग मागितलेला नाहीं. मालवणचें बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट अशीं सर्व नांवें त्यांत आहेत. आमच्या म्हणण्यास याहून चांगला साक्षीदार नाहीं. घेणारांस ठाऊक होतें कीं यांतील एक ठेवून दुसरा घेतां येत नाहीं.

५. उपसंहार

२०२५ त मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. त्यांत आमचा पन्हाळा आहे व सिंधुदुर्गहि आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण त्या बारांत पद्मगड, राजकोट व सर्जेकोट यांचीं नांवें नाहींत. राजकोट सर्वतोमुखीं झाला तो २०२३ त तेथें उभारलेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला म्हणून. तो कोट तेथें कशाकरितां बांधिला होता, याची चर्चा त्या गलबल्यांत ऐकूं आली नाहीं.

तटाचा दगड ढासळला तर तो दिसतो व पुन्हां बसवितां येतो. वाडीचें नांव गेलें तर तें गेल्याचेंहि कोणास कळत नाहीं. आणि मेढा, दांडी, भरड हीं नांवें गेलीं तर बुजलेल्या बेटाचा लोकांच्या तोंडीं उरलेला पुरावा संपेल. म्हणून मालवणच्या वाड्या, पाणंदी, विहिरी व खडक यांचीं नांवें तेथील वृद्धांच्या तोंडून ऐकून नकाशावर उतरून घ्यावीं, अशी संशोधकांस विनंति आहे. तांडेलांच्या जिभेवरील खडकांचीं नांवें प्रथम घ्यावींत. कारण तीं कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहींत. वर मांडिलेल्या व्युत्पत्तींत दोष आढळल्यास जाणत्यांनीं तो दाखवावा. आम्ही तो आनंदानें सुधारूं.