टर्बोचार्जर जोडण्यापूर्वी

लोट्याहून चिपळूणकडे जाताना परशुराम घाटात भरलेल्या ट्रकच्या इंजिनातून बारीक शीळ ऐकू येते. ती टर्बोचार्जरची. बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवतात. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. सुपरचार्जर हेच काम इंजिनाच्या पट्ट्यावर करतो.

मग साध्या पेट्रोल मोटारीला तो का जोडू नये? वर्गात सायकलचा पंप जोराने मारून त्याचे खालचे टोक चाचपावे. ते गरम लागते. २७ अंश सेल्सियसची हवा दीडपट दाबाला नेली, तर प्रत्यक्ष यंत्रात ती सुमारे ८० अंशांवर पोचते. तापलेली हवा विरळ होते, म्हणून इंजिनात हवा दीडपट नव्हे, जेमतेम सव्वापट भरते. शिवाय ज्वाला पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. या नॉकिंगमुळे दट्ट्या फुटू किंवा वितळू शकतो. डिझेल इंजिनात नुसतीच हवा दाबली जाते, म्हणून तिथे हा धोका नसतो.

यासाठी हवा थंड करणारा इंटरकूलर, जादा वायूंना टर्बाइनबाहेर वाट देणारी झडप, वाढीव पेट्रोल आणि थोडी उशिरा ठिणगी, हे सारे हवे. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या दांड्याला स्वच्छ तेल हवे. म्हणून घाट चढून थांबल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवावे. क्लच आणि ब्रेक वाढीव ताकद पेलतील का, हेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ असे बदल मनमानी करू देत नाही. एवढे जमत नसेल, तर मोटार आहे तशीच बरी, असे आम्हाला वाटते.