लंगडणारं पिल्लू हातचं गेलं असं समजू नका

खुराड्याच्या फटीत पाय अडकतो, मोठ्या कोंबडीचा पाय पडतो, कधी मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू एकाच पायावर उभं दिसतं. परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांना हे नवं नाही. अशा वेळी एकतर ‘आता हे काही जगत नाही’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली जाते, नाहीतर हळद, चुना, कामट्या आणि चिंध्या असा सगळा मारा त्या मुठीएवढ्या जिवावर होतो. दोन्ही प्रकारांत वाचण्यासारखी पिल्लं मरतात, आणि ते थांबवणं आपल्या हातात आहे.

‘मोडलेला पाय जुळत नाही’ हा समज सगळ्यात घातक. पक्ष्यांची हाडं माणसापेक्षा लवकर सांधतात. मोडलेली टोकं जागेवर असतील आणि हलू दिली नाहीत, तर साधारण तीन आठवड्यांत पाय भार घेऊ लागतो. मुरगळलेला किंवा मुका मार लागलेला पाय तर नुसत्या विश्रांतीनेही बरा होतो. हाड कातडीबाहेर आलं असेल, मोड वर मांडीत असेल किंवा पाऊल गार पडलं असेल, तर मात्र घरी काही न करता त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावं.

पाय तपासताना एक घोटाळा हमखास होतो. पिल्लाच्या पायात मागे वाकलेला जो सांधा दिसतो, त्याला आपण गुडघा म्हणतो. तो खरं तर घोटा आहे. खरा गुडघा वर, अंगालगत, पिसांत झाकलेला असतो. हे ठाऊक नसलं की पाय ‘उलटा’ वाटतो आणि ‘सांधा बसवण्यासाठी’ ओढला जातो. त्या एका हिसक्याने धडधाकट स्नायूबंधही फाटतो. तेव्हा ओढायचं काहीच नाही. पिल्लाला मऊ फडक्यात सैल धरा. छाती आवळू नका, कारण पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर होतं म्हणूनच त्यांचा श्वास चालतो. मग दोन्ही पाय शेजारी ठेवून बोटाने चाचपा. कुठे सूज आहे, कुठे जास्त गरम लागतंय, कुठे हाड नको तिथे हलतंय, हे दुसऱ्या पायाशी ताडून लगेच कळतं.

दोन-तीन दिवसांनी मार लागलेली जागा हिरवी पडते आणि घरात घबराट होते: ‘पाय सडला!’ सडलेला नसतो. साकळलेलं रक्त विरताना आधी हिरवं रंगद्रव्य तयार होतं. आपल्या शरीरात ते पुढे पिवळं होतं. ते पिवळं करणारा घटक कोंबडीत जवळजवळ नसतोच, म्हणून तिचा मुका मार हिरवाच दिसतो. काही दिवसांत तो आपोआप ओसरतो. सडण्याची खूण वेगळी: कातडी काळी, कोरडी, गार आणि दुर्गंधी येणारी. हिरव्या डागाला घाबरून पिल्लू मारून टाकलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

हळद-चुन्याचा लेप माणसाच्या मुरगळलेल्या पायावर आपण पिढ्यान्‌पिढ्या लावतो. पिल्लाला तो लावू नये. चुना दाहक असतो, पिल्लाची कातडी पातळ असते, शिवाय लागलेलं काहीही ते चोचीने टिपतं. तेलही नको; पिसं चिकटली की ऊब टिकत नाही. घरातली वेदनाशामक गोळी चुरून देणं तर त्याहून धोक्याचं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. कोंबडीही पक्षीच आहे. तिला वेदनाशामक द्यायचं असेल तर कोणतं आणि किती, हे पशुवैद्यानेच ठरवावं.

‘कामट्या घट्ट बांधल्या की काम झालं’ असंही नाही. घोट्याखालची नळी मोडली असेल तरच घरी आधार देता येतो. कापसाचा पातळ थर, त्यावर उभी चिरलेली प्लास्टिकची नळी आणि वरून दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी. बोटं मोकळी ठेवा. तासाभराने ती सुजली किंवा गार लागली, तर पट्टी लगेच सोडा. पिल्लू झपाट्याने वाढतं, सोमवारी नीट बसलेली पट्टी गुरुवारी काचू लागते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी ती बदलायलाच हवी.

पाय धरला म्हणजे लागलंच असेल, असंही नसतं. गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवलेल्या एक-दोन दिवसांच्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात. गोणपाट अंथरून आणि दोन्ही पाय मऊ पट्टीने खांद्याइतक्या अंतरावर जोडून ठेवले, तर ते बहुधा काही दिवसांत सावरतं. बोटं आत मुडपली असतील तर खाद्यात ब-२ जीवनसत्त्व कमी पडत असावं. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढणाऱ्या पिल्लांना ही भीती जास्त. दीड-दोन महिन्यांच्या पुढच्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे पडला, तर मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. त्यावर उपचार नाही, एक दिवसाच्या पिल्लाला दिलेली लस हाच बचाव, आणि खुडूक कोंबडीखाली घरीच निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळत नाही. पाय लुळे, मान वाकडी आणि हिरवट हगवण एकत्र दिसली तर राणीखेत रोग असू शकतो. मग एका पिल्लाचा नाही, सगळ्या कळपाचा प्रश्न असतो.

जखमी पिल्लू कळपातच ठेवलं तर आई सांभाळेल, हाही भाबडेपणाच. रक्त दिसलं की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात. त्याला वेगळं ठेवा, पण अंधारात किंवा दूर नको, एकटं पडलं की ते चिवचिवत राहतं आणि खाणं सोडतं. कळप दिसेल अशा जागी डालग्याखाली किंवा उथळ खोक्यात ठेवा. पहिल्या आठवड्यातलं असेल तर साधारण ३२ ते ३५ अंश ऊब लागते. खाणंपाणी चोचीपाशी हवं. पाणी उथळ ताटलीत ठेवा, बुडू नये म्हणून तिच्यात खडे टाका. घशात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. चोचीच्या कडेला थेंब लावला की पिल्लू स्वतःच गिळतं. पाय टेकू लागल्यावर लगेच हुंदडायला सोडण्याची घाई करू नका. नीट चालू लागलं की संध्याकाळी सगळ्या खुराड्यात शिरल्यावर त्याला आत सोडा आणि सकाळी उठल्याउठल्या टोचाटोची होते का ते पाहा.

एवढ्याशा पिल्लासाठी दवाखान्यात कसं जायचं, असा संकोच अनेकांना वाटतो. संकोच करू नका. गाईम्हशींइतकीच कोंबडीही पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कामात येते. १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक आहे. तो खुराड्याच्या दारावर लिहून ठेवा.