वर्गांतला मुका विद्यार्थी

कालिदासाच्या शाकुंतलांतील चौथा अंक ज्यांनीं वाचला असेल, त्यांना तें हरिणाचें पाडस खचित आठवेल. शकुंतला सासरीं जावयास निघते; सख्यांचे व तातांचे निरोप होतात; आणि मागून कोणीतरी तिचें वस्त्र ओढूं लागतें. तें तिनेंच वाढविलेलें पाडस असतें. आई गेल्यावर त्याला सांव्याचे दाणे मुठीमुठीनें चारलेले तिनेंच, व दर्भानें त्याचें तोंड दुखावलें तेव्हां इंगुदीचें तेल लावलेलें तेंही तिनेंच. हा प्रसंग मीं पुष्कळ वर्षें मुलांना शिकविला, आणि दर वर्षीं करुणरसावर भर देऊन शिकविला. परंतु त्यांतील एक अगदीं व्यवहाराची गोष्ट माझ्या ध्यानांत फार उशिरां आली. शकुंतला रडते खरी, पण रडतां रडतां ती एक व्यवस्था लावून जाते. आपल्यामागें तात तुझी काळजी घेतील, असें ती त्या पाडसाला सांगते. कण्वाश्रम ही एक शाळाच होती, आणि तें पाडस त्या शाळेंतलें जनावर. जाणारीनें जाण्यापूर्वीं त्याला कोणाच्या तरी स्वाधीन केलें. आजच्या शाळांतून नेमकी हीच गोष्ट राहून जाते. तें मला कसें कळलें, तें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

गेल्या चैत्रांत धुळें जिल्ह्यांतील एका शाळेंत सुभाषितपाठांतराचा परीक्षक म्हणून मला बोलाविलें होतें. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं; माणसें चांगलीं होतीं. पाठांतर सहावीच्या वर्गांत होतें. वर्गांत पाय ठेवतांच एक उग्र दर्प आला. मागच्या भिंतीशीं, पश्चिमेच्या खिडकीखालीं, तारेचा एक पिंजरा होता व त्यांत एक पांढरा ससा बसला होता. पिंजऱ्याला तळही तारेचाच. पाण्याची वाटी कोरडी. कोपऱ्यांत बिस्किटाचे तुकडे आणि सुकून काळें पडलेलें गाजर. सशाचीं नखें वाढून वांकडीं झालेलीं, आणि पुढचे दांत ओठाबाहेर आलेले. भिंतीवर मुलांनीं रंगीत खडूंनीं लिहिलें होतें, 'आमचा मोती.'

पाठांतर छान झालें. भूतदयेवरील एक सुभाषित तर एका मुलीनें इतकें स्पष्ट म्हटलें कीं मीं तिला पहिलें बक्षीस दिलें. तीच मुलगी नंतर माझ्यापाशीं आली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, मोती पूर्वीं आमच्या हातावर यायचा. आतां आमच्याकडे बघतसुद्धां नाहीं. तो आमच्यावर रागावला आहे का?"

मीं मुख्याध्यापकांकडे गोष्ट काढली. ते म्हणाले, "गुरुजी, ज्या बाईंनीं हौसेनें आणला, त्यांची बदली झाली. मुलांचाही उत्साह दोन महिने टिकला. आतां शिपाई टाकतो कांहींतरी. सुट्टी लागली कीं पांझरेकांठच्या एखाद्या शेतांत सोडून देऊं, सुटेल बिचारा."

यांत दुष्टपणाचा लेशही नव्हता, आणि म्हणूनच मी अस्वस्थ झालों. निर्दय माणसाला बोल लावतां येतो. पण जें सर्वांचें आहे व म्हणून कोणाचेंच नाहीं, त्याची उपासमार कोणाच्या माथीं मारावी?

सशाविषयीं माझें ज्ञान तोंवर गोष्टींतल्या सशापलीकडे नव्हतें. पशुवैद्यांना विचारल्यावर जें कळलें तें थोडक्यांत सांगतों, कारण पुष्कळ घरांतूनही हल्लीं ससे पाळतात. सशाचे दांत जन्मभर वाढत असतात. गवत चघळून चघळून ते झिजावयाचे. त्याचें मुख्य अन्न गवत, ओलें व वाळलेलें. गाजर हा प्रसाद, बिस्किट हें विषच म्हणावयाचें. गवत मिळालें नाहीं तर दांत वाढतात, दांत वाढले कीं खातां येत नाहीं, आणि खाणें थांबलें कीं सशाचें पोट एका दिवसांत बिघडून प्राणावर बेततें. तारेच्या तळावर बसून बसून त्याच्या पायांना जखमा होतात. तो कळपांत राहणारा प्राणी. एकटेपण त्याला मानवत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तो आपलें दुखणें लपवितो. ज्याला सारे खावयास टपलेले, त्यानें दुबळेपण दाखविलें कीं संपला, अशी त्याची उपजत समजूत. तेव्हां 'तो कसा शांत बसला आहे' असें आपण म्हणतों, त्या वेळीं तो बहुधा आजारी किंवा भ्यालेला असतो. मोती रागावला नव्हता; तो दुखण्यानें कोपऱ्यांत बसला होता.

त्यांतून आपला खानदेश! सशाला घाम येत नाहीं. अंगांतली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या वर गेली कीं त्याला त्रास होऊं लागतो, आणि आमच्या जळगांव-भुसावळाकडे वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. पश्चिमेच्या खिडकीखालचा तो पिंजरा मे महिन्यांत काय होईल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

आतां 'शेतांत सोडून देऊं' याविषयीं. लीळाचरित्रांत श्रीचक्रधरस्वामींनीं सशाचें रक्षण केल्याची लीळा आहे. पारध्यांनीं पाठीस लागलेला ससा स्वामींच्या आश्रयास येतो. ते त्याला वांचवितात व मग जाऊं देतात. ती गोष्ट मुलांनीं क्रमिक पुस्तकांतून वाचलेली असते. म्हणून सोडणें म्हणजेच दया, असें आपल्याला वाटतें. पण तो ससा रानचा होता. आपल्या माळांवरचा करडा ससा ही एक जात, व बाजारांत मिळणारा पांढरा ससा ही निराळीच जात. हा मूळचा युरोपांतल्या सशाचा वंशज, शेंकडों वर्षें माणसानें पिंजऱ्यांत वाढविलेला. त्याला लपतां येत नाहीं, रान ओळखतां येत नाहीं. पांढऱ्या रंगामुळें तर तो लांबूनच दिसतो. शेतांत सोडलेला असा ससा पहिल्या रात्रीं कुत्र्यामांजरांच्या तोंडीं जावयाचा. सोडणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तें होत नाहीं, एवढेंच.

'सोडून देऊं' हे शब्द ऐकतांच मात्र माझ्या मनांत दुसरेंच कांहीं जागें झालें, आणि तें येथें लिहिल्यावांचून या लेखाला अर्थ नाहीं.

इ. स. १९८९ ची गोष्ट. मी तेव्हां जळगांवच्या एका शाळेंत नवा उत्साही शिक्षक होतों. मुलांना निरीक्षणाची गोडी लागावी म्हणून मीं वर्गांत एक कांचेची पेटी ठेविली व तींत आठ-दहा रंगीत मासे सोडले. मुलांनीं त्यांना नांवें ठेविलीं, पाळ्या लाविल्या. मग दिवाळीची सुट्टी आली. तीन आठवडे शाळा बंद. मासे उपाशी राहूं नयेत म्हणून मीं निघतांना तीन आठवड्यांचें खाद्य एकदम पाण्यांत टाकलें, शिपायाला 'लक्ष ठेवा' म्हणून सांगितलें, आणि गांवीं गेलों. शिपाईही भाऊबीजेला आपल्या गांवीं गेला. तें न खाल्लेलें खाद्य कुजलें व पाणी विषारी झालें. माशांचें मरण बहुधा उपासानें आलें नसावें. तें माझ्या त्या आंधळ्या दयेनें आलें. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं मी आलों तों पेटींत एकही जीव नव्हता. मीं ती घासून पुसून लख्ख केली, आणि दुसऱ्या दिवशीं मुलांना सांगितलें कीं मासे कोंडून ठेवणें बरें नव्हे, म्हणून ते मेहरूणच्या तलावांत सोडून आलों.

मुलांनीं टाळ्या वाजविल्या. पुढच्या रविवारीं संध्याकाळीं मी तलावाकडे फिरावयास गेलों होतों. माझ्या वर्गांतले दोन मुलगे पाण्यापाशीं बसून पोळीचे तुकडे टाकीत होते. मला पाहून एक आनंदानें म्हणाला, "सर, आपले मासे ओळखूं येत नाहींत, पण येतील." मी कांहीं बोललों नाहीं. ते दोघे पुढें पुष्कळ रविवार तेथें जात असत. आज ते पन्नाशीच्या आसपास असतील, आणि तें खरें काय तें त्यांना अजून माहीत नसेल.

माशांचा मृत्यु हा अज्ञानाचा दोष होता. तो एक वेळ क्षम्य ठरेल. परंतु ज्या मुलांना सत्याचें पाठांतर मी करवीत होतों, त्यांच्याशीं बोललेलें तें खोटें मला क्षम्य वाटत नाहीं. वर्गांतलें जनावर दुर्लक्षानें मेलें, तर मुलें दोन धडे शिकतात. जीवाची हेळसांड केली तरी चालतें, हा पहिला. आणि मोठीं माणसें ती झांकून टाकतात, हा दुसरा. हे धडे कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहींत, पण ते सर्वांत पक्के बसतात.

मग शाळेंत जनावर असूंच नये काय? इंग्लंडांतील प्राण्यांना क्रूरतेपासून वांचविणारी संस्था १८२४ सालीं स्थापन झाली. तिनेंही शाळांना वर्गांत प्राणी ठेवण्यापासून परावृत्त करण्याचेंच धोरण धरलें आहे. कारणें तींच: गोंगाट, सुट्ट्या, आणि जबाबदारीची वांटणी. उलट पक्षीं, मुलाला जिवंत सृष्टीचा सहवास हवा हेंही खरें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं ठाणें जिल्ह्याच्या आदिवासी भागांत गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. तेथें गुरें वर्गांत आणलीं नाहींत. वर्गच कुरणांत गेला. गुरें चरत आहेत व मुलें शिकत आहेत, आणि कोणालाही कोंडावें लागत नाहीं. मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. शाळेच्या अंगणांत पाण्याचें पसरट भांडें ठेवावें, मूठभर बाजरी टाकावी. चिमण्या, साळुंक्या, खारी आपण होऊन येतात. त्यांची हजेरी मुलांनीं वहींत मांडावी. सुट्टींत वर्ग बंद झाला तरी त्यांचें घर बंद होत नाहीं.

कायद्याचीही बाजू आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत विधेयक मांडून हा विषय ऐरणीवर आणला, आणि त्यांतून १९६० चा प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदा झाला. पुरेसें लांब, रुंद व उंच नसलेल्या पिंजऱ्यांत प्राणी कोंडणें, त्याला पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, हे त्या कायद्यानें गुन्हे आहेत. १९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें तर आपला रानपोपट व चांदण्या-ठिपक्यांचें कांसव यांना पकडणें व पाळणें हाच अपराध आहे. हें लिहितांना माझी मान खालीं जाते, कारण आमच्या जुन्या वाड्यांत ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला असे, आणि तो 'राम राम' म्हणे याचें आम्हां मुलांना केवढें कौतुक! आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं तसाच होता. त्यानें तें नांव भक्तीनें घेतलें कीं डाळ मिळावी म्हणून, हें कोणी विचारलें नाहीं.

मोतीचें पुढें काय झालें तें सांगतों. मुख्याध्यापकांनीं माझें म्हणणें मोकळ्या मनानें ऐकलें, आणि सुट्टीपुरता ससा माझ्या स्वाधीन केला. घरीं आणल्यावर सूनबाईंनीं प्रथम नाक मुरडलें. मग त्यांनींच न्हाणीमागची उत्तरेकडची पडवी मोकळी करून दिली. पशुवैद्यांनीं दांत व नखें कापून दिलीं. नातवंडांनीं लांकडी फळीवर गवत अंथरलें, वाळ्याचा पडदा भिजवून लावला, आणि थंड पाण्यानें भरलेला एक मातीचा माठ त्याच्याजवळ ठेविला. दुपारीं मोती त्या माठाला अंग टेंकून बसे. दूर्वा अंगणांतल्याच, कपाशीच्या बांधावरचें गवत आम्हीं कटाक्षानें टाळलें, कारण त्यावर फवारणीचें औषध असतें. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या दिवशीं त्यानें पडवीभर उड्या मारल्या. नातवंडें हंसलीं, सूनबाईही हंसल्या.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर मी त्या मुलांकडे गेलों. तीं आतां सातवींत होतीं. मोती परत वर्गांत येणार नाहीं, तो बरा आहे, आणि ज्याला भेटावयाचें त्यानें आईवडिलांसह रविवारीं आमच्या घरीं यावें, असें सांगितलें. मग त्यांना माशांची गोष्ट सांगितली, शेवटपर्यंत, खोट्यासकट. वर्ग अगदीं गप्प झाला. त्या मुलीनें विचारलें, "मग तुम्हीं त्या दोघांना कधींच सांगितलें नाहीं?" मीं नाहीं म्हटलें. ती म्हणाली, "आतां सांगा ना." हा लेख वाचणाऱ्यांत ते दोघे असतील, तर हें सांगणें त्यांच्यासाठींच आहे.

शिक्षकबंधूंना व पालकांना शेवटीं एकच सूचना. जनावर आणण्याआधीं एका कागदावर एका माणसाचें नांव लिहावें: दिवाळींत, वैशाखांत, बदली झाल्यावर आणि आजारपणांत याला पाहणार कोण? 'वर्ग पाहील', 'शिपाई पाहील' हें उत्तर धरूं नये. नांव लिहितां आलें नाहीं तर जनावर आणूं नये. आणि आणलेलें कांहीं वांचलें नाहीं, तर मुलांना खरें तें सांगावें. तीं रडतील, पण ऐकतील.