भास्कराचार्यांचे चरित्र आणि पाटणचा शिलालेख : खानदेशातील एका विद्यापरंपरेचा परिचय

प्रस्तावना :

प्राचीन भारतीय गणिताच्या इतिहासात भास्कराचार्य (द्वितीय) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. 'लीलावती'कार म्हणून त्यांचे नाव शालेय विद्यार्थ्यांनाही परिचित असते. तथापि त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन पुढील पिढ्यांत कोठे व कोणाच्या आधारावर चालू राहिले, या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो. या प्रश्नाचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा पुरावा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात आहे. पाटणादेवी परिसरातील पाटण येथील शिलालेख हाच तो पुरावा होय. भास्कराचार्यांच्या जीवनाविषयी निश्चित काय सांगता येते आणि त्यांच्या विद्येची जोपासना कशी झाली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ग्रंथांतून मिळणारे चरित्र :

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी फार थोडे, परंतु नेमके लिहिले आहे. 'गोलाध्याया'च्या अखेरीस त्यांनी आपला जन्म शके १०३६ मध्ये (इ. स. १११४) झाल्याचे आणि वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचल्याचे नमूद केले आहे. त्यावरून या ग्रंथाचा काळ इ. स. ११५० असा ठरतो. 'करणकुतूहल' या ग्रंथाचा आरंभशक ११०५ (इ. स. ११८३) आहे. म्हणजे वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावरही त्यांचे लेखन चालू होते. शांडिल्य गोत्र, पिता व गुरू महेश्वर आणि सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे गाव, एवढी माहिती ते स्वतः देतात.

विज्जडविड म्हणजे आजचे कोणते गाव, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विजापूर, बीड आणि पाटणचा परिसर अशी विविध मते मांडली गेली आहेत. नामसाधर्म्यावरून विजापूर सुचविले गेले, परंतु सह्य पर्वताच्या उल्लेखाशी ते जुळत नाही.

'सिद्धान्तशिरोमणी'चे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे चार भाग आहेत. पूर्वसूरींकडून आलेली चक्रवाल पद्धत त्यांनी बीजगणितात सुबोध रीतीने मांडली. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळविल्यास पुन्हा वर्गसंख्याच मिळावी, अशी पूर्णांक संख्या शोधण्याचा प्रश्न त्यांनी सोडविला आहे. शून्य सोडता अशी लहानात लहान संख्या २२,६१,५३,९८० ही असून, उत्तरादाखल मिळणाऱ्या वर्गसंख्येचे वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. हाच प्रश्न १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्मा यांनी युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला होता.

येथे भास्कराचार्यांची अध्यापकीय दृष्टीही लक्षात घेण्यासारखी आहे. ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांचे बीजगणितावरील ग्रंथ अतिविस्तृत असल्याने त्यांचे सार शिष्यांच्या समाधानासाठी आपण काढले, असा खुलासा ते करतात.

पाटणचा शिलालेख :

पाटण येथील भवानी मंदिरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला व १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण यांचा उल्लेख आहे. संवत्सर व ग्रहण यांचा मेळ घालून ९ ऑगस्ट १२०७ हा त्याचा दिनांक मानला जातो. लेखाचा बहुतांश भाग संस्कृतात असून अखेरच्या ओळी मराठीत आहेत. त्यामुळे शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या संग्रहातही त्याला स्थान मिळाले आहे.

लेखात त्रिविक्रमापासूनची वंशावळ येते. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर व चंगदेव अशा नऊ पिढ्या तीत आहेत. भास्करपुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने 'या नगरातून' नेऊन पंडितांचा प्रमुख केले, असे लेख सांगतो. त्यावरून निदान भास्कराचार्यांच्या पुत्राचे वास्तव्य पाटण येथे होते, असा निष्कर्ष निघतो. नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा प्रमुख ज्योतिषी झाला. भास्कराचार्य व त्यांच्या कुळातील विद्वानांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला.

मठाची अर्थव्यवस्था :

शिलालेखाचे खरे वेगळेपण मठाच्या उत्पन्नाच्या तपशिलात आहे. निकुंभ वंशातील सोइदेव व त्याचा बंधू हेमाडिदेव या यादवांच्या मांडलिकांनी मठाला दाने दिली. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा राजाकडे जाणारा हिस्सा मठाला मिळाला. ब्राह्मणांनी विक्रेत्यांकडून मिळणारा आपला हक्क सोडला आणि नगरानेही आपला वाटा दिला. तेलाच्या घाण्यांवरही मठाचा हिस्सा ठरला. गावात जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे आणि मापणावळीचा अर्धा भाग मठाला द्यावा, असाही निर्बंध होता.

हा तपशील मराठीत का कोरला गेला असावा? वंशाची थोरवी विद्वानांनी वाचावयाची होती, तर कराचा व्यवहार व्यापारी, तेली व मापारी यांना समजणे आवश्यक होते, हे त्याचे संभाव्य कारण होय. सिद्धान्तग्रंथांच्या अध्यापनाचा भार बाजारपेठेने उचलल्याचे हे चित्र आहे.

याच कुळाची दुसरी शाखा गिरणाकाठच्या बहाळ येथील शके ११४४ (इ. स. १२२२) च्या लेखातून कळते. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता.

समकालीन इटलीतील उदाहरण :

पाटणचा लेख कोरला गेला त्याच्या पाच वर्षे आधी, १२०२ मध्ये, इटलीतील पीसा नगराच्या लिओनार्दोने 'लिबर अबाची' हा ग्रंथ लिहिला. पुढे फिबोनाची या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या गणितज्ञाने, उत्तर आफ्रिकेतील बुजिया येथे पित्याच्या व्यापारविषयक कामाच्या निमित्ताने राहत असताना, भारतीय अंकपद्धती शिकली होती. त्याचेही चरित्र त्याने स्वतः लिहिलेल्या मोजक्या ओळी आणि अल्पशी कागदपत्रे यांवर उभे आहे. १२४० च्या सुमारास पीसा नगराने हिशेबविषयक सेवेबद्दल त्याला वार्षिक मानधन मंजूर केले. या दोन्ही गणितज्ञांचा परस्परांशी संबंध नव्हता. मात्र पीसाचे मानधन एका व्यक्तीला होते, तर पाटणचे दान ग्रंथांच्या अध्यापनाला होते, हा भेद अर्थपूर्ण आहे.

आख्यायिका आणि पुरावा :

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या असून घटिकापात्रात मोती पडल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा सर्वश्रुत आहे. ती प्रथम १५८७ मधील फैजीच्या फारसी भाषांतरात आढळते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. भास्कराचार्य उज्जयिनीच्या वेधशाळेचे प्रमुख होते, या विधानालाही त्यांच्या आत्मकथनात वा पाटणच्या लेखात आधार मिळत नाही. या कथा पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचल्या, परंतु दगडावर कोरलेला मठ मात्र दुर्लक्षित राहिला.

समारोप :

भास्कराचार्यांचा जन्म पाटण येथेच झाला, असे शिलालेख सिद्ध करीत नाही. मात्र त्यांच्या पश्चात त्यांची विद्या येथे शिकविली जावी अशी व्यवस्था झाली, हे तो निःसंशय सांगतो. जन्मस्थानाच्या वादापेक्षा हा वारसा खानदेशासाठी अधिक मोलाचा आहे. जळगाव व धुळे येथील महाविद्यालयांत भास्कराचार्यांचे स्मरण करताना पाटण व बहाळ येथील लेख इतिहास, मराठी, संस्कृत, अर्थशास्त्र व गणित या विभागांनी एकत्र अभ्यासावेत, असे ते बहुपेडी आहेत. प्रतिभा एका व्यक्तीची असते, तिची परंपरा मात्र अध्यापक, विद्यार्थी आणि त्यांचा भार उचलणारा समाज यांतून घडते, हाच पाटणच्या शिलालेखाचा बोध होय.